ब्रिटनच्या राज्यकर्त्या राणीचा किताब कसा वाचावा आणि कसा लिहावा

ब्रिटनच्या राणीविषयी लेख, कोशातील नोंद किंवा अनुवाद लिहिताना 'इंग्लंडची महाराणी' एवढे म्हणून पुढे जाण्याची मराठी लेखनात जुनी सवय आहे. त्या शब्दांत आदर आहे, पण नेमकेपणा नाही. इंग्लंड या स्वतंत्र राज्याची शेवटची राणी ॲन होती. १ मे १७०७ रोजी इंग्लंड आणि स्कॉटलंड मिळून ग्रेट ब्रिटन हे एकच राज्य झाले आणि त्या दिवसापासून 'इंग्लंडची राणी' हे पद उरलेले नाही. राज्यकर्त्या राणीचा किताब कायद्याने आणि कायद्याच्या आधारे काढलेल्या घोषणापत्राने ठरतो आणि तो वेळोवेळी बदलत आला आहे. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडून ठेवावीत : आपण कोणत्या तारखेविषयी लिहीत आहोत आणि कोणत्या राज्याविषयी. राणीच्या उल्लेखांत होणाऱ्या बहुतेक चुका या दोनांपैकी एका प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

आधी ती राज्यकर्ती आहे का, हे ठरवावे

जी स्वतःच्या वारसाहक्काने सिंहासनावर येते ती राज्यकर्ती राणी. राजाशी विवाह झाल्यामुळे जिला राणी म्हटले जाते ती राजपत्नी. राजपत्नीला मान मिळतो, तिचा राज्याभिषेकही होऊ शकतो, पण राज्यघटनेत तिच्याकडे कोणताही अधिकार नसतो. इंग्लंड आणि पुढचे ब्रिटन यांच्या इतिहासात निर्विवाद राज्यकर्त्या राण्या सहाच झाल्या : मेरी पहिली (१५५३–१५५८), एलिझाबेथ पहिली (१५५८–१६०३), मेरी दुसरी (१६८९–१६९४), ॲन (१७०२–१७१४), व्हिक्टोरिया (१८३७–१९०१) आणि एलिझाबेथ दुसरी (१९५२–२०२२). जुलै १५५३ मध्ये काही दिवसांपुरती राणी म्हणून घोषित झालेली लेडी जेन ग्रे हिचे नाव द्यायचे असेल तर तो हक्क वादग्रस्त होता असे त्याच वाक्यात सांगावे. स्कॉटलंडची राणी मेरी (१५४२–१५६७) हीदेखील राज्यकर्तीच होती, परंतु केवळ स्कॉटलंडची. तिला इंग्लंडच्या यादीत बसवू नये.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कागदपत्रे वाचताना विशेष सावध राहावे लागते. १९४० सालच्या बातमीत 'राणी एलिझाबेथ' असा उल्लेख आला, तर ती व्यक्ती सहावा जॉर्ज यांची पत्नी असते. त्यांची थोरली मुलगी त्या वेळी राजकन्या एलिझाबेथ होती. १९५२ साली मुलगी सिंहासनावर आल्यावर एकाच नावाच्या दोन राण्यांचा घोटाळा टाळण्यासाठी आईला 'राणी एलिझाबेथ, राजमाता' असे म्हटले जाऊ लागले. पाचवा जॉर्ज यांची पत्नी राणी मेरी यांचेही तसेच : त्या राजपत्नी होत्या, म्हणून त्यांच्या नावापुढे 'तिसरी' असा क्रमांक कधीच लागला नाही. क्रमांक राज्यकर्त्यांनाच मिळतो, हा या बाबतीतला सर्वांत सोपा निकष होय. तिसरा चार्ल्स यांच्या पत्नीचा उल्लेख सप्टेंबर २०२२ पासून काही महिने अधिकृतपणे 'राजपत्नी राणी' असा होत असे. ६ मे २०२३ च्या राज्याभिषेकापासून 'राणी कॅमिला' असे म्हटले जाते, परंतु त्याने त्यांच्या अधिकारात तिळमात्र फरक पडत नाही.

राणीच्या पतीला काय म्हणावे, हा प्रश्न याच्याच जोडीला येतो. राजाची पत्नी आपोआप राणी होते, पण राज्यकर्त्या राणीचा पती आपोआप राजा होत नाही, आणि प्रत्येक वेळी त्याची वेगळी व्यवस्था लावली गेली आहे. मेरी पहिलीचा पती स्पेनचा फिलिप याला १५५४ च्या विवाहविषयक कायद्याने राजा हा किताब मिळाला, मात्र तो तिच्या हयातीपुरताच. मेरी दुसरी आणि तिसरा विल्यम हे दोघे संयुक्त राज्यकर्ते होते आणि राजसत्तेचा प्रत्यक्ष वापर संसदेने विल्यमकडे सोपवला होता; तेव्हा मेरी दुसरीच्या नावावर एखादा निर्णय टाकण्यापूर्वी तो खरोखर कोणी घेतला हे तपासलेले बरे. ॲनचा पती डेन्मार्कचा राजपुत्र जॉर्ज आयुष्यभर राजपुत्रच राहिला. व्हिक्टोरियाचा पती अल्बर्ट याला 'प्रिन्स कॉन्सर्ट' हा किताब विवाहानंतर तब्बल सतरा वर्षांनी, १८५७ मध्ये मिळाला. एलिझाबेथ दुसरी यांचे पती फिलिप यांना तो किताब कधीच देण्यात आला नव्हता. ते १९४७ पासून एडिंबराचे ड्यूक होते आणि १९५७ पासून युनायटेड किंगडमचे राजपुत्र. त्यांचा उल्लेख याच शब्दांत करावा.

कारकीर्द कोणत्या दिवशी सुरू होते

पूर्वीचा राजा मरण पावतो त्याच क्षणी पुढची राणी राज्यावर येते. मध्ये रिकामा काळ नसतो. राज्यारोहण परिषदेची बैठक, घोषणापत्राचे वाचन आणि राज्याभिषेक हे सारे नंतर होते आणि त्यांतल्या कशानेही ती राणी 'बनत' नाही. व्हिक्टोरियाची कारकीर्द २० जून १८३७ पासून मोजावी, २८ जून १८३८ हा राज्याभिषेकाचा दिवस. एलिझाबेथ दुसरी ६ फेब्रुवारी १९५२ रोजी केनियात असतानाच राणी झाल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीतील राज्याभिषेक २ जून १९५३ रोजी झाला. राज्याभिषेकाची छायाचित्रे आणि चित्रफिती एवढ्या पाहिल्या जातात की १९५३ हेच वर्ष कारकिर्दीचा आरंभ म्हणून लिहिले जाते. आठवा एडवर्ड याचा राज्याभिषेक झालाच नाही, तरीही १९३६ मध्ये तो पूर्णपणे राजा होता, हे लक्षात ठेवले की ही गफलत होत नाही.

एक चमत्कारिक अपवाद नमूद करण्यासारखा आहे. व्हिक्टोरियाच्या घोषणापत्रात अशी अट घातली होती की, दिवंगत चौथ्या विल्यमच्या पत्नीला जर पुढे अपत्य झाले तर त्याचा हक्क अबाधित राहील. विधवा राणीला मूल झाले नाही आणि अट निरर्थक ठरली, पण वारसाहक्काचा विचार किती बारकाईने केला जातो हे त्यातून दिसते. याच कारणाने एलिझाबेथ दुसरी यांना राज्यारोहणापूर्वी 'प्रिन्सेस ऑफ वेल्स' केले गेले नाही : वडिलांना पुत्र झाला असता तर तो त्यांच्या पुढे गेला असता. २०१३ च्या कायद्याने हा पुत्राग्रक्रम रद्द केला, मात्र २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांपुरताच. राजपुत्र विल्यम यांची मुलगी शार्लट धाकट्या भावाच्या, लुईच्या, पुढे आहे ती या कायद्यामुळे.

नाव आणि क्रमांक

राज्यावर येताना राणी स्वतःचे राजनाम निवडू शकते. व्हिक्टोरियाचे पहिले नाव अलेक्झांड्रिना होते आणि पहिल्या दिवसाच्या कागदपत्रांत 'अलेक्झांड्रिना व्हिक्टोरिया' असेच होते. तिच्या इच्छेने ते नाव लगेच गाळण्यात आले. त्या नावाची दुसरी राणी होईपर्यंत क्रमांक वापरत नाहीत, म्हणून 'व्हिक्टोरिया पहिली' किंवा 'ॲन पहिली' असे लिहू नये. एलिझाबेथ पहिलीलाही तिच्या हयातीत कोणी 'पहिली' म्हणत नव्हते. आज आपण तसे लिहितो ते दोघींमध्ये फरक करण्यासाठी, आणि ते योग्यच आहे, फक्त सोळाव्या शतकातल्या दस्तऐवजाचे अवतरण देताना तो शब्द त्यात घुसवू नये.

क्रमांकाचा सर्वांत मोठा वाद स्कॉटलंडमध्ये झाला. एलिझाबेथ पहिली स्कॉटलंडची राणी नव्हती. मग तिथे 'दुसरी' एलिझाबेथ कुठून आली, असा प्रश्न विचारला गेला. एडिंबराच्या इंच भागातील नव्या टपालपेटीवर राणीचे क्रमांकासह आद्याक्षरचिन्ह होते. १९५३ मध्ये ती पेटी स्फोटाने उडवून देण्यात आली. त्याच वर्षी प्रकरण स्कॉटलंडच्या न्यायालयातही गेले आणि फेटाळले गेले. या वादावर पंतप्रधान चर्चिल यांनी संसदेत एक तोडगा सुचवला : इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोन क्रमांकांपैकी जो मोठा असेल तो वापरावा. या हिशेबाने पुढे जेम्स नावाचा राजा आला तर तो आठवा ठरेल, कारण स्कॉटलंडमध्ये सात जेम्स होऊन गेले आहेत. स्कॉटलंडमधील टपालपेट्यांवर मात्र त्यानंतर राणीच्या आद्याक्षरांऐवजी स्कॉटलंडचा राजमुकुट येऊ लागला. म्हणून स्कॉटलंडविषयी लिहिताना 'एलिझाबेथ दुसरी' हे अधिकृत रूपच वापरावे, पण तिथल्या वस्तूंवर ते चिन्ह दिसेल असे गृहीत धरू नये.

किताबाचा मजकूर शब्दशः

१९५३ च्या राजकिताब कायद्यानुसार युनायटेड किंगडमपुरता एलिझाबेथ दुसरी यांचा किताब मराठीत असा मांडता येतो : 'एलिझाबेथ दुसरी, ईश्वरकृपेने ग्रेट ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांच्या संयुक्त राज्याची आणि आपल्या इतर राज्यांची व प्रदेशांची राणी, राष्ट्रकुलाची प्रमुख, धर्मरक्षक'. यातला कोणताही तुकडा शोभेसाठी गाळू नये किंवा वाढवू नये, कारण प्रत्येकाचा इतिहास वेगळा आहे.

'धर्मरक्षक' हे बिरुद १५२१ मध्ये पोप दहावा लिओ याने आठव्या हेन्रीला दिले. हेन्रीने रोमशी संबंध तोडल्यावर पोपने ते काढून घेतले आणि मग इंग्लंडच्या संसदेने तेच बिरुद स्वतःच्या कायद्याने राजाला बहाल केले. म्हणजे कॅथलिक पंथाच्या रक्षणासाठी मिळालेला शब्द पुढे कॅथलिक व्यक्तीला सिंहासन नाकारणाऱ्या राजपदाच्या किताबात राहून गेला. हे बिरुद आणि चर्च ऑफ इंग्लंडचे 'सर्वोच्च शासक' हे पद यांची गल्लत होऊ देऊ नये. ते पद १५५९ च्या कायद्यातून आले. हेन्रीने स्वतःला चर्चचा 'सर्वोच्च प्रमुख' म्हणवले होते आणि एलिझाबेथ पहिलीने तुलनेने सौम्य 'शासक' हा शब्द स्वीकारला. तो ठरण्यापूर्वीच्या काही काळात तिच्या किताबाच्या शेवटी 'इत्यादी' असे लिहिले जाई. चर्चविषयी काय म्हणायचे ते न म्हणता सोडून देण्याची ही युक्ती फार हुशारीची होती. हे पद इंग्लंडच्या चर्चपुरतेच आहे. स्कॉटलंडच्या चर्चची राणी प्रमुख नसते.

जुन्या किताबांत 'फ्रान्सची राणी' असे आढळले तर तो मुद्रणदोष समजू नये. तिसऱ्या एडवर्डने १३४० मध्ये फ्रान्सच्या राजपदावर सांगितलेला हक्क कागदोपत्री १८०१ पर्यंत चालू राहिला. म्हणून एलिझाबेथ पहिली 'इंग्लंड, फ्रान्स आणि आयर्लंड यांची राणी' होती आणि १७०७ नंतरची ॲन 'ग्रेट ब्रिटन, फ्रान्स आणि आयर्लंड यांची'. प्रत्यक्षात फ्रान्सवर दोघींचीही सत्ता नव्हती.

'सम्राज्ञी' हा शब्द व्हिक्टोरियाच्या बाबतीत सर्रास वापरला जातो, पण तो तिच्या जवळजवळ चौसष्ट वर्षांच्या कारकिर्दीतील शेवटच्या पंचवीस वर्षांनाच लागू होतो आणि तोही 'भारताची सम्राज्ञी' एवढ्याच अर्थाने. १८७६ च्या राजकिताब कायद्याने तो जोडला गेला आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात जाहीर झाला. १८५७–५८ च्या घटना सांगताना तिला सम्राज्ञी म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरते. १ नोव्हेंबर १८५८ चा जाहीरनामा राणीचा आहे. ज्या सनदांचा व नेमणूकपत्रांचा अंमल युनायटेड किंगडमच्या हद्दीबाहेर जात नव्हता, त्यांत हा नवा किताब वापरायचा नाही असेही घोषणापत्रात ठरले होते. नाणी हा इथे चांगला पुरावा आहे : भारतातील नाण्यांवर १८७६ पर्यंत 'व्हिक्टोरिया क्वीन' आणि १८७७ पासून 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' अशी अक्षरे दिसतात, तर खुद्द ब्रिटनच्या नाण्यांवर सम्राज्ञीपदाची लॅटिन अक्षरे यायला १८९३ उजाडले. हा किताब राजपदाने २२ जून १९४८ रोजी सोडला. एलिझाबेथ दुसरी भारताच्या राणीही नव्हत्या आणि सम्राज्ञीही नव्हत्या. त्या राज्यावर येण्यापूर्वी दोन वर्षे भारत प्रजासत्ताक झाला होता.

भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहू इच्छीत होता, आणि त्यातूनच १९४९ च्या लंडन जाहीरनाम्यात 'राष्ट्रकुलाचे प्रमुख' ही संज्ञा निघाली. ते पद वंशपरंपरेने आपोआप मिळत नाही. पुढचे प्रमुख चार्ल्स असतील हे राष्ट्रकुलाच्या नेत्यांनी २०१८ मध्ये ठरवले. 'राष्ट्रकुलाची राणी' असे पद नाही, हेही इथेच सांगून टाकावे.

आता दुसरा प्रश्न, राज्य कोणते. १९५३ पासून, जिथे एलिझाबेथ दुसरी राणी होत्या अशा प्रत्येक राज्याने आपल्यापुरता किताब ठरवायला सुरुवात केली. कॅनडाच्या किताबात युनायटेड किंगडम, कॅनडा आणि धर्मरक्षक हे तिन्ही होते. ऑस्ट्रेलियाने १९७३ मध्ये युनायटेड किंगडम आणि धर्मरक्षक दोन्ही वगळले आणि 'ऑस्ट्रेलियाची व आपल्या इतर राज्यांची व प्रदेशांची राणी' असा किताब केला. न्यूझीलंडने दुसऱ्या वर्षी युनायटेड किंगडम वगळले, धर्मरक्षक ठेवले. त्यामुळे राणीने कॅनबेराच्या संसदेत केलेल्या भाषणाविषयी लिहिताना 'ब्रिटनच्या राणीने ऑस्ट्रेलियाच्या संसदेत' असे लिहिणे घटनेच्या दृष्टीने चूक आहे; तिथे त्या ऑस्ट्रेलियाच्याच राणी होत्या. याउलट काही पदनामे पुल्लिंगीच राहिली : लँकेशायरमध्ये एलिझाबेथ दुसरी यांना 'लँकेस्टरचे ड्यूक' म्हणून मानवंदना दिली जाई आणि आइल ऑफ मॅनमध्ये त्या 'लॉर्ड ऑफ मॅन' होत्या. स्त्रीलिंगी रूप करण्याचा मोह टाळावा.

क्रियापदे जपून निवडावीत

किताब बरोबर लिहूनही वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद सारा अर्थ बिघडवू शकते. १५५४ च्या एका कायद्याने स्पष्ट केले की, राजपद स्त्रीकडे आले तरी राजसत्ता पुरुष राजाइतकीच पूर्ण असते. एलिझाबेथ पहिलीच्या बाबतीत 'राणीने ठरवले', 'राणीने संसद बोलावली' ही वाक्ये खरोखर त्याच अर्थाची आहेत. तीच वाक्ये एलिझाबेथ दुसरी यांच्याविषयी लिहिली तर वाचकाची दिशाभूल होते, कारण त्यांच्या काळात सत्ता तीच, नावही तेच, पण तिचा वापर मंत्र्यांच्या सल्ल्याने बांधलेला.

विधेयकाचा कायदा होण्यासाठी राणीची संमती लागते; ती नाकारण्याची शेवटची घटना ॲनच्या काळात ११ मार्च १७०८ रोजी, स्कॉटलंडच्या लष्करी दलाविषयीच्या विधेयकाबाबत घडली, आणि तीही मंत्र्यांच्या सल्ल्याने. तेव्हा आधुनिक काळासाठी 'संसदेने कायदा केला व राणीने संमती दिली' असे लिहावे, 'राणीने कायदा मंजूर केला' असे नव्हे. संसदेच्या उद्घाटनाचे भाषण राणी वाचते, पण लिहिते मंत्रिमंडळ. त्यातील 'माझे सरकार' या शब्दांवरून धोरण राणीचे आहे असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरते. २०१९ मध्ये संसदेचे अधिवेशन स्थगित करण्याचा आदेश राणीच्या नावे निघाला आणि २४ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निरर्थक ठरवला, तेव्हा बेकायदा ठरला तो पंतप्रधानांनी दिलेला सल्ला. बातमीत 'न्यायालयाने राणीला फटकारले' असे कोणी लिहिले असेल तर ते चूकच.

पंतप्रधानांच्या नेमणुकीबाबत मात्र थोडा विवेक ठेवावा. १९५७ आणि १९६३ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडे नेता निवडण्याची मतदानाची पद्धत नव्हती, त्यामुळे पक्षातील ज्येष्ठांचा कल जाणून घेऊन राणीने मॅकमिलन आणि नंतर डग्लस-ह्यूम यांना बोलावले. तिथे 'राणीने निवड केली' हे वाक्य बरेचसे खरे आहे. १९६५ पासून त्या पक्षातही निवडणूक होऊ लागली आणि राणीकडे उरली ती औपचारिक नेमणूक. पंतप्रधानांच्या साप्ताहिक भेटीत मत विचारले जाणे, प्रोत्साहन देणे आणि इशारा देणे हे तीन हक्क राणीला असतात असे परंपरेने मानले जाते, पण त्या भेटींचे टिपण प्रसिद्ध होत नाही. म्हणून राणीने अमुक पंतप्रधानांना तमुक सुनावले अशा कहाण्या कितीही रंगतदार असल्या, तरी वस्तुस्थिती म्हणून लिहू नयेत.

संबोधनाचे फारसे अवघड नाही. समोरासमोर पहिल्यांदा 'युवर मॅजेस्टी' आणि नंतर 'मॅम' म्हणण्याची रीत होती. तृतीयपुरुषी 'हर मॅजेस्टी' म्हणतात. मराठीत 'राणीसाहेब' किंवा 'महाराणी' पुरेसे आहे. सहीमधील नावानंतरचे 'आर' हे अक्षर 'रेजिना', म्हणजे राणी, या लॅटिन शब्दाचे आहे, आडनावाचे नव्हे.

राणी गेल्यानंतरचे उल्लेख

८ सप्टेंबर २०२२ रोजी एलिझाबेथ दुसरी यांचे निधन झाले आणि त्याच क्षणी 'क्वीन्स बेंच' हा न्यायालयीन विभाग 'किंग्ज बेंच' झाला, 'क्वीन्स कौन्सेल' असलेले ज्येष्ठ वकील 'किंग्ज कौन्सेल' झाले आणि फौजदारी खटल्यांच्या नावातील 'रेजिना' च्या जागी 'रेक्स' आले. जुने लिखाण तपासताना सगळीकडे हा बदल करत सुटू नये. २०१० चा निकाल क्वीन्स बेंचचाच राहतो. एखाद्या वकिलाचा १९९५ मधील उल्लेख 'क्वीन्स कौन्सेल' असाच ठेवावा आणि त्याच व्यक्तीविषयी आजची गोष्ट सांगताना 'किंग्ज कौन्सेल' म्हणावे. व्हिक्टोरियानंतर १९०१ मध्ये असेच झाले होते आणि १९५२ मध्ये उलट दिशेने, त्यामुळे सहाव्या जॉर्जच्या काळातील वकिलाला 'क्वीन्स कौन्सेल' म्हटलेले दिसले तर आधी त्या वाक्यातील तारीख पाहावी.